हॉर्नच्या आधी

सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि बहरीनला आलो. रिफाच्या पुढे वाळवंटात एका अरब मालकाचं खासगी शिकार-मैदान आहे. हिवाळ्यात तिथे पाळून सोडलेले तितर मारतात, तेही सरकारी परवान्यावर. मी तिथला सेफ्टी सुपरवायझर. नियम सोपा होता. पाखरं उठवणाऱ्यांचा हाकारा संपल्याचा हॉर्न वाजेपर्यंत बंदुकांच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर नोकरी गेली.

नाईक जाधव माझ्याच कंपनीतला. त्याला इथे माझ्या हाताखाली कामाला व्हिसा मीच मिळवून दिला आणि वर्षभरात पस्तावलो. मालक चहाला त्याला बोलावी, पाहुणे त्यालाच शोधत. माझा जळफळाट होई.

ते दुखणं जुनं होतं. काश्मीरमध्ये गस्तीवर आमच्यावर फायर आला. ऑर्डर होती, कोणी हलायचं नाही. लान्स नाईक गायकवाड उघड्यावर जखमी पडला होता. मी त्याच्यापासून दहा पावलांवर, जाधव तीस. जाधव उठला, त्याला पाठीवर घेऊन आला. गायकवाड वाटेतच गेला. जाधवला मेडल मिळालं. मेडलचा हेवा मला कधीच वाटला नाही. तो उठला, याचा वाटला.

गेल्या हिवाळ्यातला शुक्रवार. सकाळी ०७४२. पंख मोडलेला एक तितर बंदुकांच्या पुढे पडून फडफडू लागला. हॉर्न व्हायचा होता. जाधव धावला. डावीकडच्या पाहुण्याची नळी दुसऱ्या, उडत्या पाखरामागे फिरत त्याच्यावर आली.

मी रेडिओवर ओरडलो, “सीझ फायर! सीझ फायर! जाधव, डाऊन!”

तो पालथा पडला. बार उडाला नाही.

मालक हसत आला. “मोरे, आदमी शेर है. रिपोर्ट नहीं. खलास.”

मी रिपोर्ट लिहिला. वेळ, अंतर, नाव. एक शब्द खोटा नव्हता, आणि लिहिताना मला बरं वाटलं हेही खरं. लेखी रिपोर्ट दडवला तर परवाना जाईल म्हणून मालकाचा नाइलाज झाला. जाधवचा व्हिसा रद्द झाला.

विमानतळावर सोडायला मीच गेलो.

“हॉर्न व्हायचा होता, जाधव.”

“हो, साहेब. पण पाखरू तडफडत होतं. बघवलं नाही.”

एवढंच बोलून तो आत गेला.

गायकवाडबद्दल कोणी विचारलं तर मी सांगतो, वाईचा पोरगा, एकवीस वर्षांचा, चांगला जवान होता. एक गोष्ट सांगत नाही. पडल्यावर तो “मोरे, मोरे” म्हणत होता. उठला जाधव.