शाळेची वनिता, मंडळाची वनिता

आमच्या शाळेतले पीटीचे सर मुलांच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी गुडघ्यांकडे. स्टाफरूममध्येही तीच सवय. "बाई, आज डाव्या पायावर जोर देताय," असं चहाचा कप पुढे करत मला सांगत, आणि ते खरं निघे. असा एखादा माणूस तुमच्याही शाळेत असेल. भाईंदरच्या आमच्या शाळेचं मैदान म्हणजे मागचा मातीचा तुकडा. त्यातले खडे सर स्वतः वेचत.

त्यांचा एक नियम होता. शाळेच्या स्पर्धा चालू असताना कुणीही गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचं नाही. "मॅच दोन, अंग एकच!" मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करत. डब्यातली दुसरी पोळी उचलणाऱ्यालाही तेच ऐकवत.

वनिता जवळच्या मुर्धा गावची, नववीतली. कौतुक करणं सरांच्या स्वभावात नव्हतं. पण ती चढाईला गेली की सर शिट्टी तोंडात धरून वाजवायलाच विसरत.

त्या वर्षी शाळेचे सामने तोंडावर आले आणि त्याच सुमारास मंडळाची फायनल. तिचे वडील मंडळाचे पुढारी. ते शाळेत आले.

"मास्तर, रविवारी पोरगी आमची हाय. जिल्ह्याच्या संघाची निवड करनारी मान्सं येनार हायत."

"तिचा गुडघा दुखतोय. नको."

"शालेची कबड्डी दहावीपर्यंत. पुढं तिला कोन इचारनार? मंडलच ना?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दहावीनंतर आमच्या मुली खेळणार तरी कुठे होत्या?

वनिता दारातच उभी होती. "सर, एकच मॅच. जाऊ?"

त्यांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जा. पट्टी घट्ट बांध."

फायनलला सर स्वतः गेले होते. तिघींनी तिला पकडलं, सगळ्या एकदम पडल्या आणि तिचा पाय खाली मुडपला. डॉक्टरांनी कबड्डी बंद म्हणून सांगितलं.

वडील पुन्हा शाळेत आले, या वेळी मान खाली घालून. "तुमी नको बोलला होता, मास्तर."

"बोललो होतो. मग हो म्हणालो. तेच खरं."

शाळेच्या मॅचमध्येही असं होऊ शकलं असतं, हे आम्ही सगळ्यांनी त्यांना समजावलं. ते मान हलवत, पण पटलेलं काही दिसत नसे. दर रविवारी मुर्ध्याला जाऊन तिच्याकडून पायाचे व्यायाम करून घेत. ती चालायला लागली, पण पाय पूर्ण वाकेना. सरांनी कबड्डीचा संघ दुसऱ्या सरांकडे सोपवला. मुलं मंडळांकडून खेळू लागली. सर व्हरांड्यातून बघत, कुणाला अडवत नसत.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात, शांती नगरातल्या घरी, छातीत कळ येऊन ते गेले. चौथा मजला, लिफ्ट नाही. मी इमारतीखाली पोचले तेव्हा वनिता जिना चढत होती. एका हाताने कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आता तिला दोन मुलं होती. घामाने चेहरा भिजला होता.

"वनिता, थांब जरा. बस इथे."

"न्हाय बाई," ती म्हणाली, "सर वर हायत ना." आणि तिने चांगला पाय पुढच्या पायरीवर टाकला.