खिशातली चावी

परभणीच्या शिलाई कारखान्यात मी सुपरवायझर होतो. दुपारनंतर बायकांचे हात मंदावत. बाया गप्पा मारतात, असं मी मालकाला सांगायचो. एकदा ताडकळसहून येणारी बाई मशीनवरच चक्कर येऊन पडली. मी पाणी पुढे केलं, तर तिनं तोंड फिरवलं. शेजारची म्हणाली, "काका, संडासाची चावी तुमच्या खिशात. गड्यामाणसाला सारखी कशी मागावी? म्हणून आमी दिवसभर पानीच पीत न्हाई."

मी चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. दुसऱ्या दिवशी दुपारीच माठ रिकामा झाला.

"काका, आता माठ भरायचं काम तुमचं," ताडकळसची बाई हसून म्हणाली.

माठ मी भरला. मालकाला मात्र खरं कारण सांगायचं धाडस झालं नाही. त्यांच्या लेखी त्या बाया शेवटपर्यंत गप्पिष्टच राहिल्या.