चौथ्या कोपऱ्यातली गाठ

आमच्या ह्यांनी जन्मात कधी गाठ कापली नाही. वाण्याच्या पुडीचा दोरा असो, नाहीतर खडकात अडकून गोळा झालेलं जाळं असो, मांडी घालून बसायचे आणि नखाने सोडवायचे. जाऊबाई विळी घेऊन आल्या की म्हणायचे, "ठेव ती विली. गाठीला आपली घाई कलते गो. मंग ती आनखी आवलते."

लग्न होऊन मी थळला आले तेव्हा चार माणसांत माझं तोंड उघडत नसे. बायका ह्यांना चिडवायच्या, "मुकी आनलीस का रं?" हे म्हणायचे, "बोलंल. तिला कोनी वढू नका." मी बोलले, पण बरीच वर्षं फक्त त्यांच्याशीच.

एका पावसाळ्यात, होड्या वर काढलेल्या असताना, ह्यांचं आतडं फुटलं. पोट उघडून ऑपरेशन झालं. आतलं घाण पाणी बाहेर यावं म्हणून कुशीतून नळी ठेवली होती, तिच्या टोकाला पिशवी. जखम भरली, पाणी थांबलं, पण नळी निघेना. डॉक्टरांनी हलकेच ओढून पाहिली, तर हे कळवळले.

"नळीला आत भोकं असतात, त्यांत पोटातली चरबी शिरून बसलीय," डॉक्टर म्हणाले. "जोर केला तर नळी तुटून तुकडा आत राहील. थोडे दिवस थांबू. नाहीच सैल झाली तर आत जाऊन काढू."

आत जाऊन म्हणजे पोट परत फाडून, असं आम्ही धरून चाललो. पुढे विचारायचं मला धाडस झालं नाही, ह्यांनीही विचारलं नाही.

घरी ओटीवर बसून हे गावालगतच्या कारखान्याच्या धुरावरून वारा बघत राहायचे. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. किनाऱ्यावर होड्यांना रंग लागत होता. पोट परत उघडलं तर हंगाम गेला, कदाचित दर्याच सुटला, हे दोघांनाही कळत होतं.

एका दुपारी त्यांनी मला दार लावायला सांगितलं. सदरा वर केला.

"तू वढ. तुझा हात हलका हाय."

"मी न्हाय."

"अगो, एक झटका. मी वरडनार न्हाय."

"आन तुटली तं?"

"तुटू दे! मना दर्यावर जायचं हाय."

'तुटू दे' हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी त्यांचा सदरा खाली केला. म्हटलं, "तिला तुमची घाई कललीय. म्हनून ती सोडत न्हाय."

ते भिंतीकडे तोंड करून निजले. संध्याकाळचा चहा मात्र प्यायले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर मीच विचारलं, "पोट परत फाडनार काय?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले, "नळी ज्या वाटेने गेलीय त्याच वाटेने बारीक दुर्बीण घालायची आणि आत बघत बघत सोडवायची."

तशीच सोडवली. नवी चीर नाही, नवा टाका नाही. गुंगी उतरल्यावर हे पहिलं काय बोलले, तर, "डाक्तर कोली हाय का गो? जालं सोडवल्यावानी सोडवली." मग माझ्याकडे बघत राहिले. "आन तू बोललीस." नळी निघाल्यापेक्षा त्याचंच त्यांना जास्त नवल वाटलं.

त्या हंगामात जाळं दिरांनी ओढलं, हे सुकाणूवर बसले. पण गेले दर्यावर. पुढेही कितीतरी हंगाम गेले.

मागच्या थंडीत हे झोपेतच गेले. त्या वेळी कसली म्हणून घाई नव्हती, तरी काही न बोलता गेले.

मच्छरदाणीचे चारही कोपरे भिंतीतल्या खिळ्यांना त्यांनीच बांधलेले. धुवायला काढताना तीन मी सोडले. त्यांच्या उशाकडचा चौथा तसाच ठेवला. सोडवता येत नाही असं नाही, त्यांनीच शिकवलंय. पण सोडला तर तो परत तसा कोण बांधणार? म्हणून मी बादलीच त्या खिळ्याखाली आणते आणि मच्छरदाणी तिथेच धुते. खोलीभर पाणी होतं. कुणी बघून हसू नये म्हणून आधी दार लावून घेते.