गिंडीतलं माझं भाषण

शाळा मी पाचवीत सोडली. पण चेन्नईत गिंडीच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं लेथ चालवली आणि माझ्या हातचा एक पार्ट कधी परत आला नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

मालकाला परदेशी मोटार कंपनीची ऑर्डर मिळत होती. अट एकच, जुन्या लेथ काढून कॉम्प्युटरची मशिनं बसवायची. आम्ही नऊ कामगार, सगळ्यांची सही हवी. मालक मला म्हणाला, "ते तुमचं ऐकतात. समजवा."

त्याच आठवड्यात घरी नात शाळेच्या वादविवाद स्पर्धेसाठी घोकत होती. जागतिकीकरण चांगलं की वाईट. चिठ्ठीत निघेल ती बाजू बोलायची म्हणे.

"आणि खरं काय ते?" मी विचारलं.

"ते कोणी विचारत नाही, आजोबा!"

तिनंच शिकवलं. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा छान मांडायचं, त्यानं मान डोलावली की हळूच 'पण' म्हणायचं.

जेवणाच्या सुट्टीत मी तेच केलं. लेथ जाणार, हातातलं कसब जाणार, सगळं कबूल केलं. पण जग आपल्या दारात आलंय, दार लावून बसायचं का? माना डोलल्या. ग्राइंडिंगवाला तेवढा उठला. बोलताना अडखळायचा बिचारा.

"अण्णा, लांबून आलेले... ते लांब जातील पण."

"जातील तेव्हा तू पोचवायला जा स्टेशनवर!"

सगळे हसले. तोही हसला, आणि सही केली.

दोन वर्षांत ऑर्डर दुसऱ्या देशात गेली. लेथ तोवर भंगारात गेलेल्या. शटर पडलं. माझं बरं चाललंय. जावई अशाच एका परदेशी कंपनीत आहे, त्याच्या घरचा भात खातो. हे लपवत नाही. बाकीच्यांना असा जावई नव्हता.

मागच्या महिन्यात मांबलम स्टेशनबाहेर ग्राइंडिंगवाला भेटला. अंगावर वॉचमनचा गणवेश. माझा हात धरून म्हणाला, "अण्णा, पोरगा कतारला निघालाय. बायको जेवत नाही. येऊन समजवा ना तिला. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही."

"तुला काय वाटतं? जावं त्यानं?"

"माझ्या वाटण्याला कोण विचारतंय, अण्णा?"

माझं चुकलं, एवढं तिथंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बघतो."

तेव्हापासून त्याचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही.