साडूंच्या गाडीची खडखड

माझे थोरले साडू एका जागी स्वस्थ बसलेले या पृथ्वीवर कुणी पाहिलेले नाहीत, आणि कुणी पाहिले असं म्हणालाच तर तो धडधडीत खोटं बोलतो आहे, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. साताऱ्यात त्यांची वकिली होती. चहा ते अंगणात फेऱ्या मारत पीत. दाढी करता करता अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत. पाटावर जेवायला बसत तेसुद्धा एक गुडघा उभा ठेवून, म्हणजे उठायला सोपं! एकदा तर न्यायाधीशांनीच हात जोडले म्हणे, "वकीलसाहेब, कुठल्या तरी एका बाजूनं बोला हो, माझी मान अवघडली." माझी बायको म्हणायची, "ताई होती तोवर असे नव्हते. ती नुसतं 'बसा' म्हणायची, की बसायचे." ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, या साडूंची पत्नी. ती गेली, आणि या माणसाला 'बसा' म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

त्यात त्यांचे ते कान! कुठं काही वाजलं, की ते का वाजलं याचा छडा लागेपर्यंत गृहस्थाला अन्न गोड लागत नसे. आमच्याकडे आले की आधी दाराची बिजागरी तपासायचे, मग विहिरीचा रहाट, आणि मग मला. "तुमचा उजवा गुडघा वाजतो. डावा वाजत नाही. असं का?" आता असं का ते मला काय ठाऊक! कीर्तनात बुवा ऐन रंगात आले असताना हे उठून टाळकऱ्याच्या कानाशी लागले आणि "तुमच्या टाळाची दोरी सैल झालीय" असं सांगून आले. बुवा पुढचं विसरले. लोक माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच त्यांना पढवून पाठवलं होतं.

आणि नेमकी अशा माणसाची गाडी पुढून वाजायला लागावी! गाडी जुनी, विलायती, वर कापडी टप. ताईच्या हौसेखातर घेतलेली. घेतली त्या दसऱ्याला तिनंच पूजा केली होती, आणि दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या आसाला, म्हणजे दोन्ही चाकांच्या मधल्या लोखंडी दांड्याला, स्वतःच्या हातानं तारेनं घोड्याची नाल बांधली होती. साडू तसे देवभोळे नव्हते. पण गाडी सुरू करायच्या आधी वाकून त्या नालेला दोन बोटं हळूच लावायची आणि कपाळाला टेकवायची, हे त्यांनी ताईमागं कधी चुकवलं नाही.

खडखड सुरू झाली ती अगदी नको त्या वेळी. लढाईचे दिवस होते. साडूंची एकुलती एक लेक कुसुम सांगलीला दिलेली, आणि तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, आणि लेकीला घरी आणायची या एका गोष्टीवर साडूंचा सगळा जीव गोळा झालेला. पण सांगलीच्या विहीणबाई मोठ्या करड्या. "तुमच्या घरात बाईमाणूस नाही. पोरीनं यायचं कुणाच्या जिवावर?" असा त्यांचा सवाल. माझी बायको साडूंकडे जाऊन राहणार, असं मी सांगून पाहिलं. "मावशी आज आहे, उद्या आपल्या घरी जाईल. त्या घराला बाई कुठं आहे?" पुष्कळ मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कशाबशा तयार झाल्या, तर न्यायला आलेली गाडी त्यांच्या दारात खडखड खडखड करत उभी राहिली. झालं! "हिच्यातून न्यायची गरवार पोर? आधी ती खडखड घालवा, मग तोंड दाखवा." आगगाडीत पलटणींमुळे पाय ठेवायला जागा नाही, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चाललेल्या. न्यायची तर आपल्याच गाडीतून, दुसरा रस्ता नव्हता.

मग त्या बिचाऱ्या आसाची जी उलटतपासणी सुरू झाली, ती काय सांगू! साडू, मी आणि मिस्त्री, रोज सकाळी आम्ही गाडीभोवती. चाक उचलून वरखाली हलवून बघितलं, बेअरिंगा बदलल्या, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळले. सुटे भाग मिळेनात म्हणून तांबट आळीतून काशाचे बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या कड्या, कातून आणले. मिस्त्री माणूस श्रद्धाळू. काम सुरू करण्याआधी ती नाल सोडून स्वच्छ फडक्यावर ठेवायचा, आणि गाडी चालवून बघायच्या आधी नमस्कार करून पुन्हा बांधायचा, तेही त्याच जुन्या तारेनं. "वैनीसायबांच्या हातची तार हाय, ती कशी बदलू?" म्हणायचा. साडू मान डोलवायचे, मीही डोलवायचो. गाडी फाटकाबाहेर पडली की खडखड हजर! "आवं वकीलसायब," शेवटी मिस्त्रीनं हात टेकले, "समद्यास्नी इचारून झालं. आता ह्या गाडीत गुन्हेगार ऱ्हायलाच न्हाई."

पण साडू कसले ऐकतात! त्यांनी मला पुढच्या मडगार्डवर पालथं झोपवलं. होय, मला! धोतराचा काचा मारून, एका हातानं गाडीचा दिवा धरून, कान चाकाकडे करून मी उंब्रजपर्यंत गेलो आहे. "डावीकडं की उजवीकडं?" हे ओरडायचे. तोंडात धूळ गेलेली, मी बोलतो कशाला! वाटेत मेंढरं आडवी आली म्हणून गाडी थांबली. धनगर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यास्नी दवाखान्यात न्हेताय व्हय?" साडू म्हणाले, "नाही रे बाबा, गाडी वाजतेय." "वाजतीया न्हवं? मंग जित्ती हाय की!" म्हणून तो मेंढरांमागं निघून गेला. साडू मात्र शेवटचं मेंढरू दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे बघत होते, हे मला आठवतं.

दिवस भरत चालले तसा त्यांचा धीर सुटला. एक दिवस म्हणाले, "चला, तशीच नेऊ. पाय धरीन त्यांचे." आम्ही कराड, इस्लामपूर करत सांगलीला पोचलो, वाजत वाजत. विहीणबाई ओसरीवर उभ्याच होत्या. आवाज आमच्या आधी घरात पोचला होता. "व्याही, मी काय सांगितलं होतं?" एवढंच त्या बोलल्या. कुसुम दाराआडून बघत होती. तिनं गाठोडं बांधून ठेवलेलं मला दिसलं. साडू मागं फिरले. सवयीनं गाडीपुढं वाकले, नालेला बोटं लावली. त्या दिवशी बोटं जरा जोरानं लागली असावीत.

खळ्ळ!

ते तसेच थांबले. पुन्हा बोट लावलं. खळ्ळ. मग ते रस्त्यात धुळीत फतकल मारून बसले आणि ती नाल हलवत राहिले. खडखड, खडखड, तीच! तार झिजून सैल झाली होती. आम्ही अख्खी गाडी खोलली, पण या नालेवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. देवाची वस्तू ती, तिला आम्ही गाडीत धरलंच नव्हतं.

विहीणबाई पायऱ्या उतरून आल्या. "कुणी बांधली ही?"

"हिनं," साडू म्हणाले. "आमच्या हिनं." आणि बोटानं नालेवरची धूळ पुसायला लागले.

विहीणबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात हळदकुंकवाचा करंडा होता. त्या वयात त्या वाकल्या, नालेला हळदकुंकू लावलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "विहीणबाई स्वतः न्यायला आल्यात. आता मी नाही कशी म्हणू? कुसुम, चल गं, आई थांबलीय." मी तोंड फिरवून उगाच चाकाकडे बघत राहिलो.

तार घट्ट आवळून आम्ही निघालो. गाडीचा आवाज नाही, कुसुम मागं लोडाला टेकून आरामात. आणि साडू? इस्लामपूरपर्यंत त्यांनी इतक्यांदा गाडी थांबवली की मी वैतागलो. "अहो, आता काय झालं?"

"काही वाजत नाही हो," ते केविलवाणेपणानं म्हणाले.

"मग त्यासाठीच एवढा जीव काढला ना माझा!"

तेवढ्यात मागून कुसुम हळूच म्हणाली, "अण्णा, थोडी सैल करा ना ती."

ते उतरले. तारेचा पीळ जरासा सोडून परत आले. गाडी निघाली आणि खडखड सुरू झाली. कुसुमचा डोळा लागला. आणि त्यानंतर साताऱ्यापर्यंत माझे थोरले साडू, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून, एका जागी स्वस्थ बसून होते. मी शेजारी होतो, मी पाहिलं. कुणी खोटा साक्षीदार म्हणालं तरी चालेल. ताईनं 'बसा' म्हटल्यासारखे बसले होते हो.