मोळी उतरवायचा कातळ

गेल्या हिवाळ्यात मी यावलच्या अभयारण्यात पाच वेळा गेलो. त्यातल्या चार फेऱ्या चुकीच्या जागी घातल्या.

फोटो काढण्याचा छंद मला वीस-बावीस वर्षांपासून आहे. डोंगरात चांगली जागा सापडली की तिची वहीत नोंद करतो: वनखात्याच्या नाक्यापासून पावलं किती, तोंड कुठल्या दिशेला, ऊन किती वाजता येतं, आणि शेवटच्या रकान्यात त्या जागेवरची फेरी कितवी. बायको म्हणते, "तुम्ही डोंगर बघायला जाता की मोजायला?"

या वेळी जागा माझ्यासाठी शोधायची नव्हती. माझी मोठी बहीण धुळ्याला असते. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणतो. दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांची तपासणी झाली. उजवा डोळा गेलाच होता. डाव्यालाही आणखी काही महिनेच जेमतेम दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर अक्का मला म्हणाली, "भाऊ, लहानपणी आम्ही लाकडं आणायला डोंगरात जायचो ना, तिथून आपलं सगळं गाव दिसायचं. मागं तापी. तेवढं एकदा दाखव." खुब्याचं हाड मोडल्यापासून ती काठीशिवाय उठत नाही, तेव्हा तिला तिथं नेणं शक्य नव्हतं.

मला वाटलं, यात काय अवघड आहे! गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. वर चढायचं, दक्षिणेकडे तोंड करायचं, गाव दिसणारच. पहिल्या फेरीत मी सगळ्यात उंच टेकाडावर गेलो, तिथं हल्ली पोरं सूर्यास्त बघायला जमतात. दुसऱ्या फेरीत खिंडीच्या तोंडाशी. फोटो भाच्याकडे पाठवायचे, त्यानं ते टीव्हीवर मोठे करून आईला दाखवायचे आणि फोन माझ्याकडे लावायचा.

"हाई नही शे," अक्का गावच्या अहिराणीवर येऊन म्हणायची. ही ती नाही.

"अगं, गाव दिसतंय ना?"

"गाव दिखस. पन हाई ती जागा नही शे. पुढे गवत हालत राहे." मग हसून म्हणायची, "तू मोजतच ऱ्हास, देखस कव्हय?"

फोटोत पुढ्यात गवत आलं की मी ते टाळतो. तिपाई उंच करतो, नाहीतर दोन पावलं सरकतो. ही सवय इतकी जुनी की चार फेऱ्या झाल्या तरी तिचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरलं नाही. तेवढ्यात भाच्यानं कळवलं, की आई आता टीव्हीवरचं नीट ओळखत नाही, फोटो मोठ्या कागदावर काढून आणा.

पाचव्या वेळी मी सकाळी सातलाच वर होतो. हिवाळ्यात दक्षिणेकडचा फोटो घ्यायचा तर लवकर जावं लागतं, नंतर ऊन समोर येऊन खालचं सगळं धुरकट होतं. तिपाई लावत होतो, तेवढ्यात पायथ्याच्या पाड्यावरची एक साठीची बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरली. माझी खटपट बघून म्हणाली, "काय हरवलं, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. ती मोठ्यानं हसली. "डोक्यावर मोळी असताना कोण बघतं डोंगर? तेव्हा फक्त पाय दिसतो. मोळी उतरवली की मग दिसतं. चल माझ्या मागं."

पाऊलवाटेनं मोजून दोनशे चाळीस पावलं खाली एक कातळ होता, साधारण तिच्या डोक्याएवढा उंच. तिनं त्याला पाठ लावली, मान जराशी मागं केली आणि भारा मागच्या मागं कातळावर सरकवला. "एकटीला उतरवता येतो, एकटीला उचलता येतो," ती म्हणाली. "बाकी कुठं ठेवला तर परत डोक्यावर कोण देईल? माझी आजी पण इथंच उतरवायची." आणि तशीच, पाठ टेकून खाली बसली. साहजिकच तोंड दरीकडे.

"मावशी, मी बसू का इथं?"

"बस की. जागा काय माझी आहे?"

मी बसलो. कॅमेरा अडीच फुटांवर आला. पुढ्यात वाळलेल्या कुसळी गवताचे तुरे हलत होते; त्यांच्या वर केळीच्या बागांची हिरवी पट्टी, तिच्यात मारुतीच्या देवळाचं शिखर आणि गाव, आणि पार मागं तापी. चारही फेऱ्यांत मी या कातळाशेजारून गेलो होतो. वहीत लिहिलं: उंची बसल्या माणसाच्या डोळ्याएवढी. फेरी: पहिली.

त्या बाईंना मी एक फोटो पाठवायचं कबूल केलं होतं. तो नाक्यावरच्या चौकीदाराच्या हाती पोचवला. अक्काचा फोटो तीन फूट रुंद करून घेतला आणि स्वतः धुळ्याला घेऊन गेलो.

तिला आता समोरचं दिसत नाही, डोळ्याच्या कडेनं थोडं दिसतं. कागद खिडकीपाशी धरून तिनं मान वळवली. मग बोट ठेवलं. "अठे आपली विहीर." बोट बरोबर विहिरीवर होतं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "अक्का, किती मोळ्या आणल्या असतील गं तू?" एक दिवसाआड, पावसाळा सोडून, लग्न होईपर्यंत चार वर्षं. मी तोंडीच हिशेब केला. "चारशे ऐंशी धर."

"आन त्यामा तुन्हं वजन धरं का?"

"माझं कसलं वजन?"

"माय शेतात कामाला. तू दोन-तीन वर्षांना. तुले घरी कोनापाशी ठेवू? डोकावर मोळी, कडेवर तू. त्या कातळपाशी दोन्ही उतारू. तू गवतना तुरा उपटत बसे, मी गाव देखत बसू."

संध्याकाळच्या बसमध्ये वही उघडली आणि 'पहिली' हा शब्द खोडला. कितवी लिहायची ते मला माहीत नाही. तो रकाना मोकळा ठेवला आहे.