मखमली कोचातले ढेकूण

ढेकणाचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना काय सांगू! कुजत आलेल्या कोथिंबिरीसारखा, आणि तोही नाकातून थेट घशात उतरणारा.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमचे हे अंबरनाथला कारखान्यात, आणि आमचं बिऱ्हाड उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात. तिथल्या एका बराकीच्या खोलीत बायकांचा शिवणवर्ग चालायचा. सगळ्या सिंधी बायका, मराठी मी एकटीच. शेजारच्या अदीनं, म्हणजे त्यांच्या भाषेत बहिणीनं, मला ओढून नेलं होतं. मग कळलं, ती खोली गोदामाला द्यायचं घाटतंय. सरकारी बाई येऊन पाहणार आणि ठरवणार. म्हणून आम्ही प्रदर्शन मांडायचं ठरवलं.

पण मांडायचं कशावर? खोली चिमुकली, मशिनी हलवायला जागा नाही. बराकीतल्या बायका दिवसा बाजा उभ्या करून त्यांचाच आडोसा करायच्या, ते मी रोज बघत होते. म्हटलं, हेच की! दोन बाजा पाठीला पाठ लावून वरून सुतळीनं बांधल्या की तंबूसारख्या उभ्या राहतात. बाहेर आलेले पाय म्हणजे आयत्या खुंट्या, त्यांवर फ्रॉक. विणलेल्या काथ्यात टाके घालून रुमाल आणि अदीची रल्ली, ती तुकड्या-तुकड्यांची रंगीत गोधडी. खालच्या दोन पायांवर फळी टाकली की बायकांनी लाटलेल्या पापडांच्या डब्यांना जागा. आणि गंमत म्हणजे बाजा सरकवून मी मधे वळणं ठेवली. एका वळणाला फ्रॉक, पुढच्या वळणाला रल्ली. एवढीशी खोली, पण माणूस बघतच राहील. संध्याकाळी सुतळी सोडली की ज्याची बाज त्याच्या घरी झोपायला!

बाजा म्हटल्यावर ढेकूण आलेच. आम्ही आधी उकळतं पाणी ओतलं, उन्हात टाकल्या, जमिनीवर आपटल्या. पडलेले ढेकूण चपलेनं चिरडताना अदी सिंधीतून अशा शिव्या देत होती की मला न समजताही हसू येत होतं.

सरकारी बाई यायच्या सकाळी वर्ग चालवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी एका शेटजींच्या घरचा लाल मखमली कोच घेऊन आले.

"बाई काय तुमच्या खाटेवर बसणार?" म्हणाले, आणि माझी दोन वळणं मोडून कोच मधोमध ठेवला.

बाई आल्या, बसल्या. चहाचा कप हातात घेतला आणि चुळबुळायला लागल्या. मानेवर हात, मग दंडावर. कप खाली ठेवून उठल्याच. गोऱ्या मानेवर लाल गांधी उठलेल्या!

सेक्रेटरींनी एकदम आवाज चढवला, "म्हणून सांगत होतो! घाणेरड्या खाटा आणल्या प्रदर्शनात! या लोकांना राहायची रीत नाही. फेका बाहेर!" आणि स्वतःच रल्लीसकट एक बाज ओढून दारातल्या चिखलात लोटली.

अदीचा चेहरा पांढराफटक. खोली गेली, हे तिला तिथेच कळलं असणार. पण ती रल्ली उचलायला गेली नाही. कोचापाशी आली.

"भाभी, पकडो जरा."

दोघींनी गादी उलटी केली. शिवणीच्या कडेनं काळपट ओळच्या ओळ, पांढरी अंडी, आणि प्यालेले टम्म ढेकूण सैरावैरा. बाईंनी पदर नाकाला लावला, पण डोळे मिटले नाहीत हो. मग एकेक बाज हात लावून पाहत सगळी खोली फिरल्या.

"खोली शिवणवर्गाकडेच राहील," दारात उभ्या राहून म्हणाल्या.

लगेच सेक्रेटरी पुढे! "बाजांची ही योजना आमच्या मंडळाचीच बरं का."

"और कोच की योजना किसकी, साहब?" अदीनं विचारलं. बाया इतक्या हसल्या की बाईंनाही हसू आवरेना.

मला मात्र हसवेना. इतकी किळस मला ढेकणांचीही आली नव्हती. एवढं सगळ्यांनी पाहिलं, तरी शेटजींना कुणी एक शब्द विचारला नाही. हातगाडी आली. 'मखमल धुळीनं खराब होईल' म्हणून सेक्रेटरींनी आमचीच एक धुतलेली चादर त्यावर घातली आणि कोच मानानं निघाला. चादर परत मागायची मात्र आमच्यातल्या एकीलाही इच्छा झाली नाही.